एफ३१ ते एफ०६ : एका निदानाची फेरतपासणी

गेल्या वर्षीचा बराचसा काळ कागदोपत्री मी बायपोलर विकाराची, म्हणजे मन कधी उन्मादात चढते आणि कधी नैराश्यात उतरते अशा आजाराची, रुग्ण होते. आज माझ्या फाइलवर ते निदान नाही, त्याच्या जागी दुसरे आहे, आणि ते ज्या फेरतपासणीतून बदलले तिचा क्रम मला येथे नोंदवून ठेवायचा आहे. बायपोलर आहे की नाही हे सांगणारी रक्ताची चाचणी नाही आणि मेंदूचा स्कॅनही नाही. डॉक्टरांनी काय विचारले, कोणाकोणाला विचारले आणि किती मागे जाऊन विचारले, यावरच ते निदान उभे राहते. रुग्णाला आणि त्याच्यासोबत आलेल्या नातेवाइकांना मात्र आपल्याला काय विचारले जायला हवे, याची सहसा काहीच कल्पना नसते. आम्हालाही नव्हती.

मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते आणि महाप्याच्या एका कंपनीत हिशेब विभागात काम करते. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून माझी झोप कमी होत गेली. मध्यरात्र उलटून गेल्यावर डोळा लागायचा आणि पहाटे उठून मी कपाटे आवरायला घ्यायचे, तरी दिवसा थकवा म्हणून नसायचा. बोलण्याचा वेग वाढला. सुरतेहून साड्या मागवून विकण्याची कल्पना डोक्यात आली आणि नवऱ्याला न सांगता मी पतपेढीतून कर्ज काढले. हॉलमधला दिवाण गठ्ठ्यांखाली दिसेनासा झाला. (त्यातल्या काही साड्या अजून शिल्लक आहेत, नात्यातल्या कोणाचेही लग्न ठरले की घरचे सगळे माझ्याकडे सूचक नजरेने पाहतात.) ऑफिसात ऑडिटच्या दिवसांत वरिष्ठांशी सर्वांदेखत भांडण झाले आणि त्यानंतर मी प्रसाधनगृहात जाऊन बराच वेळ रडत बसले. तेव्हा मात्र नवऱ्याने मला नवी मुंबईतल्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे नेले.

त्यांनी केलेले निदान अविचाराचे होते असे मी म्हणणार नाही. दोन वर्षांपूर्वी वडील गेल्यानंतर मला नैराश्य आले होते आणि काही महिने मी एस्सिटालोप्रॅम हे नैराश्यावरचे औषध घेतले होते. आईचे एक मामा मनोरुग्णालयात राहून आलेले होते. आधी नैराश्य, मग असा उसळलेला काळ आणि घराण्यात मानसिक आजार, ही तिन्ही माहिती एकत्र ठेवली तर कोणाच्याही मनात बायपोलर हा शब्द येणारच. एक तेरा प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला गेला आणि बहुतेक उत्तरे ‘हो’ अशी आली. व्हॅल्प्रोएट आणि ओलान्झापिन ही औषधे सुरू झाली आणि रजेच्या प्रमाणपत्रावर एफ३१ हा संकेतांक पडला. आपल्याकडे आजारांच्या ज्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची दहावी आवृत्ती सर्रास वापरली जाते, त्यात बायपोलर विकाराचा हा क्रमांक आहे. माझी तक्रार आहे ती एवढ्यापुरतीच, की या सगळ्यात माझी नाडी कोणी पाहिली नाही आणि रक्ताचा एक थेंबही घेतला गेला नाही. उन्मादाच्या निकषांतच अशी अट आहे की, ही लक्षणे एखाद्या औषधामुळे, नशेच्या पदार्थामुळे किंवा शारीरिक आजारामुळे आलेली नसावीत. ती अट तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

घरात अर्थातच बोलणे सुरू झाले. ठाण्यात राहणाऱ्याला या बाबतीत एक जादा त्रास असतो. कोणी जरा विक्षिप्त वागला की ‘याला ठाण्याला पाठवा’ असे उभा महाराष्ट्र गमतीने म्हणतो, आणि आम्ही तर ठाण्यातच असतो. ते मनोरुग्णालय १९०१ सालापासून येथे आहे. त्याच्या जागेच्या काही भागावर आता ठाणे आणि मुलुंड यांच्या मधले नवे रेल्वे स्थानक होऊ घातले आहे, आणि त्यामुळे कोणते फ्लॅट महागतील याची चर्चा जी मंडळी हिरिरीने करतात, तीच माझ्या आजाराबद्दल खालच्या आवाजात बोलत होती.

औषधांनी मी थोडी शांत झाले. झोप वाढली, पण आतली धडधड गेली नाही. हात थरथरू लागले. ते व्हॅल्प्रोएटमुळे होते असे सांगण्यात आले, आणि त्या औषधाने तसे होतेही. केस मूठमूठ गळू लागले. त्याचा दोषही त्याच गोळीवर गेला. डिसेंबरात बाकीचे पांघरूण ओढून झोपलेले असताना मला पंखा पाचवर लागत असे. दिवसातून तीनचार वेळा शौचाला जावे लागे आणि पाळी नुसती नावाला येऊन जाई. यातले प्रत्येक लक्षण वेगळे धरले तर त्याचे काही ना काही कारण हाताशी होतेच, त्यामुळे ती सगळी एकत्र कोणी मांडलीच नाहीत.

माझ्या मोठ्या जाऊबाई महापालिकेच्या दवाखान्यात परिचारिका आहेत. संक्रांतीला त्या घरी आल्या, मला ब्लाउज दोन्ही बाजूंनी आत घेताना त्यांनी पाहिले आणि म्हणाल्या, “अगं, ओलान्झापिनवर माणूस फुगतो. तू वाळत कशी चाललीस? आणि जेवतेस तर दोघांचं.” भूक वाढलेली असूनही वजन घटत होते. त्यांनी दुसरे मत घ्यायला सांगितले, आणि त्याआधी पहिल्या ठिकाणचे सगळे कागद मागून घ्यायला लावले. तेथे प्रथम टाळाटाळ झाली. आपल्या उपचारांच्या नोंदी मिळण्याचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याने रुग्णाला दिलेला आहे, हे लेखी अर्जात नमूद केल्यावर प्रती मिळाल्या. औषधे मात्र एक दिवसही बंद करायची नाहीत, अशी जाऊबाईंची सक्त ताकीद होती, कारण अशी औषधे एकाएकी सोडली तर आजार उलटून बळावू शकतो.

ठाण्यातल्या दुसऱ्या मनोविकारतज्ज्ञांनी येताना आईला आणि नवऱ्याला, दोघांनाही घेऊन या, असे फोनवरच सांगितले होते. ते दोघांशी वेगवेगळे बोलले, मग माझ्याशी, मग तिघांशी एकत्र. त्यानंतर त्यांनी कोरे कागद आडवे एकमेकांना चिकटवून मधोमध एक रेघ ओढली. रेघेवर वर्षे आणि महिने, रेघेच्या वर चढलेला काळ, खाली उतरलेला काळ आणि अगदी तळाशी वेगळ्या शाईने आजारपणे, बाळंतपणे, शस्त्रक्रिया आणि घेतलेले प्रत्येक औषध. आठवणीवर ते फार विसंबत नव्हते. “सुरतेला पहिले पैसे कधी पाठवलेत ते मोबाइलमध्ये बघा,” असे त्यांनी सांगितले आणि गुगल पेच्या नोंदींवरून तारखा लावल्या. आई म्हणत होती की हे सगळे गणपतीनंतर सुरू झाले. नोंदींवरून दिसले की पहिली मागणी जूनच्या अखेरीस गेली होती.

तारखांचे हे महत्त्व त्यांनी समजावून सांगितले. उन्माद म्हणायचा तर ती अवस्था किमान आठवडाभर, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बहुतेक वेळ टिकलेली असावी लागते. सौम्य उन्मादासाठी अमेरिकी निकषांत सलग चार दिवसांची अट आहे. सकाळी हसणे आणि संध्याकाळी रडणे याला लोक सर्रास बायपोलर म्हणतात, पण तासातासाला बदलणारी मनःस्थिती बहुधा दुसरीकडे बोट दाखवते. सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकारात मन असे क्षणाक्षणाला हेलकावते, पण त्यामागे बहुतेक वेळा नात्यातला काही ओरखडा असतो, कोणी आपल्याला सोडून जाईल अशी धास्ती असते, आणि हा स्वभाव तरुणपणापासूनच दिसत असतो. अशा व्यक्तींचाही तो तेरा प्रश्नांचा फॉर्म पुष्कळदा ‘हो’ असाच येतो. तो फॉर्म २००० साली प्रसिद्ध झाला तोच मुळी चाळणी म्हणून. चाळणीत जे राहते ते तपासायचे असते, त्यावर थेट औषध लिहायचे नसते.

आईला त्यांनी माझ्या शाळेबद्दल विचारले, तेव्हा याचा येथे काय संबंध असे मला वाटले होते. मोठेपणी ओळखल्या जाणाऱ्या एडीएचडीतही, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकारातही, माणूस बडबडा, उतावळा असतो, एक काम सोडून दुसऱ्याला धावतो, त्यामुळे ती बायपोलरसारखी भासू शकते. फरक असा की ती येऊन जाऊन नसते, तिच्या खुणा बाराव्या वर्षाच्या आत दिसलेल्या असाव्या लागतात आणि ती सदाचीच असते. आईने सांगितले की, मी पाढे पाठ होईपर्यंत जागेवरून हलत नसे. तो मुद्दा तेथेच मिटला. नवऱ्याला त्यांनी माझ्या घोरण्याबद्दल आणि झोपेत श्वास अडकतो का याबद्दल विचारले, कारण झोपेतल्या श्वासरोधाने दिवसा येणारी चिडचिड आणि मरगळ मनोविकारासारखी दिसते. मला विचारले की अचानक विचित्र वास येतो का, पोटातून काही वर चढल्यासारखे वाटते का, क्षणभर भान हरपते का. हे प्रश्न मेंदूच्या एका विशिष्ट भागातल्या अपस्माराचे होते. दारू, भांग, एनर्जी ड्रिंक, वजन उतरवण्याच्या पावडरी, ओळखीच्या वैद्यांनी दिलेल्या पुड्या, सगळे विचारून झाले. नाव नसलेल्या पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले असते, असेही ते म्हणाले.

स्टेरॉइडचा शब्द निघाल्यावर नवऱ्याला आठवले की ऑगस्टमध्ये माझा दमा बळावला होता आणि मला काही दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिले होते. क्षणभर आम्हाला वाटले की सापडले कारण. डॉक्टरांनी ती तारीख रेघेखाली लिहिली आणि मान हलवली. स्टेरॉइडने उन्माद येऊ शकतो, पण ते मात्रेवर अवलंबून असते. बोस्टन येथील १९७२ सालच्या प्रसिद्ध पाहणीत रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन (त्याच जातीचे स्टेरॉइड) घेणाऱ्यांत मानसिक त्रासाचे प्रमाण १.३ टक्के होते आणि ८० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावर ते १८ टक्क्यांहून अधिक झाले. माझी मात्रा लहान होती, आणि मुख्य म्हणजे माझी झोप त्याआधीच उडालेली होती. त्या गोळ्यांनी भर घातली असेल, सुरुवात केली नव्हती. ती रेघ नसती तर आम्ही दम्याच्या औषधालाच दोष देऊन मोकळे झालो असतो.

मग त्यांनी माझी नाडी धरली. मी निवांत बसलेली असूनही ती मिनिटाला ११० च्या वर होती. मला दोन्ही हात समोर ताणून धरायला सांगून त्यांनी बोटांवर एक कागद ठेवला. नुसत्या डोळ्यांना जी थरथर किंचितशी वाटत होती, ती कागदाच्या कडेला लख्ख दिसली. तो सारखा बारीक फडफडत होता. हाताचा तळवा ऊबदार आणि ओलसर होता, याचीही त्यांनी नोंद केली. नुसत्या काळजीने हात कापत असले तर तळवे बहुधा गार पडतात. मग नवऱ्याला मोबाइलमधला माझा आधीच्या वर्षीचा फोटो काढायला लावला. हळदीकुंकवाचा फोटो होता. तो माझ्या चेहऱ्याशेजारी धरल्यावर माझे डोळे किती विस्फारलेले दिसू लागले आहेत हे रोज मला पाहणाऱ्यांना प्रथमच दिसले.

रक्ताच्या तपासण्यांत थायरॉइडबरोबर बी१२, साखर, कॅल्शियम, यकृत आणि मूत्रपिंड यांचा समावेश होता. तांब्याची तपासणी, म्हणजे शरीरात तांबे साठण्याच्या विल्सनच्या आजारासाठीची, करावी का असे वाचून ठेवलेल्या नवऱ्याने विचारले. वय, यकृत आणि बाकी खुणा पाहता तिची गरज नाही, सगळ्यांच्या सगळ्या तपासण्या करणे हेही विचार न करण्याचेच लक्षण आहे, असे उत्तर मिळाले. अहवाल आले तेव्हा टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारे संप्रेरक, थायरॉइड अति चालला की ते घटते) ०.०१ च्याही खाली होते, एरवी ते साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान असते, आणि मोकळे टी४, म्हणजे थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक, वरच्या मर्यादेच्या दुप्पट होते. बी१२ही कमी निघाले. आम्ही शाकाहारी आहोत, त्यामुळे त्याचे नवल नव्हते. त्याची इंजेक्शने सुरू झाली, पण या सगळ्याचे खापर बी१२वर फोडायला डॉक्टरांनी नकार दिला.

थायरॉइडचा अहवाल पाहूनही ते लगेच खूश झाले नाहीत. “केसांसाठी काही घेताय का?” असे त्यांनी विचारले. गळणाऱ्या केसांसाठी मी दुकानातून बायोटिनच्या गोळ्या आणून घेत होते. ज्या पद्धतीने अनेक प्रयोगशाळांत थायरॉइडची चाचणी होते, तिच्यात बायोटिनची मोठी मात्रा ढवळाढवळ करते. टीएसएच खोटेच कमी दिसते आणि टी४ खोटेच जास्त, म्हणजे हुबेहूब माझ्यासारखा अहवाल. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली बायोटिनमुळे चुकणाऱ्या रक्तचाचण्यांबद्दल जाहीर इशारा दिला होता. गोळ्या थांबवून काही दिवसांनी पुन्हा रक्त दिले. आकडे जवळपास तेच आले. त्यानंतरच मला ग्रंथींच्या तज्ज्ञांकडे पाठवण्यात आले. तेथे प्रतिपिंडांची तपासणी आणि थायरॉइडचा स्कॅन होऊन ग्रेव्हज आजार निश्चित झाला. आयरिश डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली वर्णन केलेला हा आजार म्हणजे शरीराची संरक्षणयंत्रणाच थायरॉइडला सतत डिवचत राहते. थायरॉइडला आवर घालणारे कार्बिमाझोल सुरू झाले. धडधडीसाठी सहसा दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल माझ्या दम्यामुळे टाळले आणि दुसरी गोळी दिली. ताप आला किंवा घसा दुखू लागला तर वाट न पाहता कार्बिमाझोल थांबवायचे आणि त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजायच्या, हे लिहून दिलेले आहे. क्वचित या औषधाने त्या पेशी एकदम घटतात.

आता मला बायपोलर नाही, हे माझ्या घरी त्याच संध्याकाळी ठरले. आईने साखर वाटण्यापर्यंत तयारी केली. मनोविकारतज्ज्ञ मात्र तसे म्हणायला तयार नव्हते. थायरॉइड सापडला एवढ्याने बायपोलर खोटे ठरत नाही, कारण ज्याच्यात मूळ कल असतो त्याचा विकार थायरॉइडच्या उसळीनेही बाहेर येऊ शकतो, आणि दोन्ही आजार एकाच माणसाला असू शकतात. शिवाय दोन वर्षांपूर्वीच्या नैराश्याचे काय? त्या वेळच्या विम्याच्या तपासणीत माझे टीएसएच व्यवस्थित होते. तो जुना अहवाल आमच्याकडे सापडला. म्हणजे ते नैराश्य थायरॉइडचे नव्हते. उत्तर एकच होते, आणि ते मला मुळीच आवडले नाही: थायरॉइड ताळ्यावर येईपर्यंत थांबायचे, मग मनाची औषधे एकेक करून उतरवायची आणि पाहायचे.

त्या दिवशी मी वैतागून विचारले की असे किती जणांना चुकून बायपोलर म्हटले जाते. त्यांनी अमेरिकेतल्या मार्क झिमरमन यांच्या २००८ सालच्या अभ्यासाबद्दल सांगितले: तपासलेल्या ७०० रुग्णांपैकी १४५ जणांना पूर्वी कोणीतरी बायपोलर सांगितलेले होते, आणि पद्धतशीर मुलाखतीत त्यातल्या निम्म्याहून कमी जणांत ते खरे निघाले. पण लगेच ते म्हणाले की उलटी चूकही कमी नाही. खरा बायपोलर असलेला माणूस वर्षानुवर्षे नुसत्या नैराश्याचा रुग्ण समजला जातो, त्याला नैराश्याचीच औषधे मिळत राहतात आणि त्यातून कधी उन्माद भडकतो. मला एक बाजू ऐकायची होती, त्यांनी दोन्ही ऐकवल्या. तेव्हा राग आला होता. आता वाटते की त्यांच्यावर विश्वास बसला तो तेथेच.

मधल्या काळात मी रोज झोपेचे तास, मनःस्थिती आणि नाडी एका वहीत लिहीत होते, आणि शेजारच्या रकान्यात नवरा त्याचे मत लिहीत असे. दोन रकाने पुष्कळदा जुळत नसत. डॉक्टरांना त्या न जुळण्यातच जास्त रस होता. टी४ काही आठवड्यांत आवाक्यात आले. टीएसएच बराच काळ दबलेलेच राहिले, ते तसे मागाहूनच सुधारते. नाडी उतरली तशी झोप लागू लागली, वजन परत आले, आणि डोक्यातली घाई नेमकी कोणत्या दिवशी थांबली ते मला सांगता येणार नाही. त्यानंतर आधी ओलान्झापिन टप्प्याटप्प्याने बंद झाले, मग व्हॅल्प्रोएट. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला व्हॅल्प्रोएट शक्यतो देऊच नये, कारण गरोदरपणी ते घेतले गेले तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग राहते, ही माहितीही मला येथेच प्रथम मिळाली.

ऑफिसच्या फाइलसाठी त्यांनी नवे प्रमाणपत्र दिले. त्यावर आता एफ०६.३ असा संकेतांक आहे, म्हणजे शारीरिक आजारामुळे आलेला मनःस्थितीचा विकार, आणि त्याखाली पूर्वीच्या नैराश्याची वेगळी नोंद आहे. हेही निदान कायमचे नाही, असे त्यांनी तोंडी बजावले आहे. कार्बिमाझोल एकूण बारा ते अठरा महिने चालेल आणि ते थांबवल्यावर ग्रेव्हज उलटू शकतो. टीएसएच ठीक असताना पुन्हा झोपेची गरज कमी झाली, तर आठवडाभर वाट न पाहता भेटायचे. त्या वेळी बायपोलरचा विचार नव्याने होईल. वही चालू आहे, आणि पतपेढीचे हप्तेही.